फळ्यावरचा चार

ट्रेलर सकाळी सातलाच कारखान्याच्या फाटकाशी येऊन लागला होता आणि साडेदहा वाजले तरी रिकामाच उभा होता. ड्रायव्हरनं तोंड धुतलं, चहा घेतला, केबिनमध्ये एक झोप काढली, उठून पुन्हा चहा घेतला, आणि आता तो दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. जोरात नाही, लहानसा, आठवण करून दिल्यासारखा. त्या प्रत्येक हॉर्नला आतल्या शेडमध्ये ऋतुजा मान वळवून फाटकाकडे बघत होती, कारण गाडी अडली होती ती तिच्या एका सहीपायी.

कारखाना चिंचोळीच्या एमआयडीसीतला. बाहेरून बघाल तर पत्र्याची दोन लांबडी शेडं आणि फाटकाशी एक कडुनिंब, बस्स. पण आत जे बनायचं ते लांब एका अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर जायचं. दाराएवढ्या जाडजूड लोखंडी प्लेटा, आणि प्रत्येक प्लेटच्या पाठीला वेल्डिंगनं जोडलेले गजाचे चार खुंट. त्या खुंटांना इथं लग म्हणतात. भिंतीचं काँक्रीट ओतण्याआधी प्लेट सळ्यांच्या जाळ्यात बसवायची, म्हणजे लग भिंतीत रुततात आणि प्लेटचा चेहरा तेवढा बाहेर राहतो. पुढं त्या चेहऱ्यावर पाइप टांगतात, केबलचे रॅक टांगतात, आणखी काय काय टांगतात. लग एकदा काँक्रीटात गेले की मग ते कुणाच्या बापाला दिसत नाहीत. म्हणून त्याआधी कुणीतरी ते नीट बघायचे असतात. ते कुणीतरी म्हणजे ऋतुजा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. जोडावर लाल औषध लावायचं, मुरू द्यायचं, पुसायचं आणि वरून पांढरी पावडर फवारायची. जोड चांगला असेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. कुठं केसाएवढा तडा असला तर आत मुरलेलं लाल हळूहळू वर येतं आणि रेघ उमटते. एरवी डोळे फाडून बघितलं तरी काही दिसत नाही. तिची आई गोजाबाई जेऊरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची ऋतू लोखंडाला कुंकू न् पावडर लावती. त्येचा पगार देत्यात तिला." यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

तपासणी झाली की प्लेट थिनरनं पुसून काढायची. त्यात लाल जातं, पांढरं जातं आणि खडूची खूणही जाते. म्हणून नापास प्लेटचा नंबर वेल्डिंगच्या खांबावर टांगलेल्या फळ्यावर लिहायचा, आणि वेल्डरनं फळा वाचून दुरुस्ती करायची. प्लेटांवर नंबर ठोकलेले असतात ते इंग्रजी आकड्यांत, तेव्हा फळ्यावरही इंग्रजीच लिहायचं, असा नियम. ऋतुजाची खिशातली डायरी मात्र मराठीत असे. जिल्हा परिषदेच्या शाळेत घोटलेले आकडे हातातून जात नाहीत. ती मोजायची मराठीत, डायरीत टिपायची मराठीत, आणि फळ्याशी जाऊन इंग्रजीत लिहायची. तीन वर्षं हे सुरळीत चाललं होतं, निदान तिची तशी समजूत होती.

आज बारा प्लेटा लाकडी ओंडक्यांवर पालथ्या मांडल्या होत्या आणि गाडीत चढवण्याआधी ती शेवटची नजर टाकत होती. आठ नंबरपाशी तिचा पाय थांबला. दुसऱ्या लगाचा जोड घासून पुन्हा भरलेला होता. ग्राइंडरचे ओरखडे अजून चकाकत होते, ते कुणालाही दिसले असते. तिला कळेना ते एवढंच, की आठ नंबर दुरुस्त करायला सांगितलं कुणी?

तिनं डायरी काढली. या लॉटात एकच प्लेट नापास झाली होती. "४, लग २, दीड सें.मी." तिच्याच अक्षरात, निळ्या शाईत. ती चार नंबरपाशी गेली. दुसरा लग जसाच्या तसा, धूळ खात. ग्राइंडर त्याच्या वाटेलाही गेला नव्हता.

मग ती खांबाकडे गेली. या कारखान्यात फळा कुणी धड पुसत नाही, ते त्या दिवशी उपयोगी पडलं. कोपऱ्यात तिचा खडू अजून शाबूत होता. घाईघाईत डायरीतला आकडा जसाच्या तसा उतरवलेला. ४. वरचं तोंड उघडं राहायला हवं होतं ते मिटलं होतं. जवळून बघा की लांबून बघा, इंग्रजी वाचणाऱ्याला तो सरळ 8 होता.

ऋतुजाच्या तोंडचं पाणी पळालं. परवा सिद्धू वेल्डरनं "झालं मॅडम" म्हणून हाक मारली तेव्हा तिनंच आठ नंबरच्या लगाला लाल लावलं होतं, पांढरं फवारलं होतं. जोड चांगला निघाला. निघणारच, तो आधीही चांगलाच होता. नंबर बघायचा राहिला, कारण शिवराज सर पाठीशी उभे राहून "आटपलं का?" असं तिसऱ्यांदा विचारत होते. पुढं ऑफिसनं "8 दुरुस्त, फेरतपासणी ठीक" असा कागद छापून आणला, आणि चौदा कागदांच्या गठ्ठ्यात तिनं त्यावरही सही ठोकली.

फाटकावर हॉर्न वाजला.

सिद्धू पलीकडेच हेल्मेट वर करून पाणी पीत होता. अक्कलकोटच्या पुढं सरहद्दीवरचं गाव त्याचं, घरी कानडी, इथं मराठी. कंत्राटदाराचा माणूस असला तरी हात असा, की त्याच्या जोडावरून बोट फिरवत राहावं. ऋतुजानं त्याला फळ्याशी नेलं आणि विचारलं, "सिद्धू, हा आकडा किती?"

"एंट," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "एंट म्हंजे आठ की, मॅडम. काय झालं?"

"हे चार आहे. मराठी चार."

सिद्धूनं मान वाकडी करून बघितलं. "अय्यो. मी आठ वाचलो. तडा काय दिसंना मला त्यात, पर तुमच्या औषधाबिगर तसं बी दिसत न्हाय म्हणून घासून टाकलो." मग त्याचा आवाज उतरला. "माझ्यावर येतंय का हे?"

"नाही," ती म्हणाली. हे म्हणायला तिला काही लागलं नाही, अजून कुणी तिच्याकडे त्याची किंमत मागितली नव्हती.

तिनं चार नंबरला लाल लावलं. मुरायला ठेवलं आणि ती नुसती फेऱ्या मारत राहिली, या खांबापासून त्या खांबापर्यंत. खिशातला खडू तिनं बोटांनी इतका चुरला की त्याचं पीठ झालं. मग पुसलं, फवारलं, आणि वाकून बघत बसली. आधी काहीच नाही. क्षणभर तिला वेडी आशा वाटली, की डायरीच चुकली असेल. मग पांढऱ्यावर एक बारीक लाल ठिपका आला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि ठिपके जुळून दीड सेंटिमीटरची रेघ झाली.

"मॅडम, ड्रायव्हर मला शिव्या द्यायचा तेवढा राहिलाय." शिवराज सर पाठीशी आले होते. ते कारखान्याचे मॅनेजर. बार्शीचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं जाड आणि चालायला तुरुतुरु. कुठल्याही गोष्टीला "आटपलं का?" म्हणत सुरुवात करायचे. मग त्यांची नजर त्या रेघेवर गेली आणि ते उकिडवे बसले. ऋतुजानं त्यांना सगळं सांगितलं, फळाही दाखवला.

शिवराज सर ओरडले नाहीत. संकटात त्यांचं डोकं झटकन चालायचं, हा त्यांचा गुणच होता. "चार नंबर बाजूला घ्या. सिद्धूला बसवा. दोन तासात दुरुस्ती, परत तुमची पावडर, पाचला गाडी भाईर. वाचलो म्हणायचं."

ऋतुजाला एकदम हलकं वाटलं. एवढंच होतं तर. "आणि कागद, सर? मी आठवर सही केलीय."

"तो बदलू. वेल्डरनं चुकून भलतीच प्लेट धरली असं लिहायचं. सिद्धूचा गेटपास काढून घेतो, कंत्राटदार दुसरा माणूस देईल."

"पण चूक त्याची नाही. माझी आहे."

"कळतंय हो मला." त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "वेल्डर चुकला म्हटलं तर एक प्लेट चुकली. तपासनीस चुकला म्हटलं तर तुमच्या सहीचं सगळंच चुकलं. साइटवाले मागचे तिन्ही लॉट उकरून बघतील. सिद्धूला दुसरीकडं काम लागंल, तुम्हाला लागंल का? इचार करा आणि जेवून घ्या."

ते तुरुतुरु निघून गेले. त्यांनी जाता जाता जे बोलून ठेवलं, ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं. ऋतुजाच्या मात्र ते मनात रुतलं. मागचे तिन्ही लॉट. असं घाईत आपण एकदाच लिहिलं होतं का?

जेवणाची सुट्टी झाली होती. हातमोज्यांना लाल लागलं होतं म्हणून ती आधी स्टोअरच्या खिडकीशी गेली. आत महिपती बसायचा, सगळे त्याला काका म्हणत. सगळा कारखाना त्याची गोष्ट सांगायचा. एके काळी तोच इथला तपासनीस होता. त्यानं एकदा लॉट अडवला, गाडी परत पाठवली, आणि दुसऱ्या महिन्यात तो स्टोअरमध्ये हातमोज्यांच्या जोड्या लावत बसला तो आजतागायत. नवा तपासनीस आला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला ही खिडकी दाखवायचं. ऋतुजालाही दाखवली होती.

"डावा-उजवा बघून घ्या," महिपती नेहमीप्रमाणे म्हणाला आणि जोडी पुढं सरकवली. मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "सही राह्यलीय व्हय?"

"व्हय, काका."

त्यानं तिचे लाल झालेले मोजे उचलून आत घेतले. "मग आधी भाकर खाऊन घ्या. उपाशीपोटी सही करू न्हाई."

भाकर कसली खातेय. तिनं डबा उघडला, झाकला, आणि ऑफिसात जाऊन दुरुस्त्यांची फाइल काढली. या कामाच्या चारही लॉटांत तिनं नापास केलेल्या प्लेटा होत्या सात. एका हातात डायरी, एका हातात फाइल, असं ती जुळवत गेली. दोनचा दोन जुळला. सातचा सात जुळला. पाचचा पाच. त्या दिवशी तिनं शांतपणे इंग्रजीत लिहिलं असणार. तिला उगाच रडू येईल असं वाटायला लागलं, इतकं सगळं जुळत होतं.

तिसऱ्या लॉटाशी बोट थांबलं. डायरीत: "१, लग ३, तीन सें.मी." फायलीत: "9, लग 3, दुरुस्त, फेरतपासणी ठीक." खाली तिचीच सही.

मराठी एक. वर गाठ, खाली शेपूट. इंग्रजी नऊ. त्या संध्याकाळी पाऊस येणार म्हणून प्लेटा आत ओढायची धांदल होती, आणि शिवराज सर "आटपलं का?" करत होते. म्हणजे नऊ नंबरची चांगली प्लेट उगाच खरवडली गेली, आणि एक नंबर, तीन सेंटिमीटरच्या तड्यासकट, अकरा दिवसांपूर्वी ट्रेलरात बसून गेली. कुठं गेली तेही माहीत होतं. शिवराज सर आठवडाभर सगळ्यांना तेच ऐकवत होते, की शनिवारी साइटवर भिंत भरायचीय. तिसरा लॉट त्या भिंतीत बसलाय, चौथा तिच्या वरच्या भागाला लागतोय, आणि आज गुरुवार आहे.

ती केबिनमध्ये गेली आणि दोन्ही गोष्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. शिवराज सरांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. मग उठून दार लावलं.

"कुणाकुणाला सांगितलं?"

"अजून कुणाला नाही."

"मग नका सांगू." ते खुर्चीत बसले. "हे बघा. एका प्लेटला चार लग. एका लगाला केवढा जोड, त्यात तीन सेंटिमीटर. डिझाइनवाले दुप्पट-तिप्पट धरून चालत्यात. काही होत न्हाय."

"नसेलही होत, सर. पण ते डिझाइनवाल्यांनी सांगायचं. आपण कसं सांगणार?"

"काँक्रीटचा पंप उभा हाय तितं! परवा भिंत भरायचीय, दीडशे माणूस लावलाय. ती थांबली म्हंजे पहिला फोन कुणाला? मला. मालकांनी सकाळपासून सहा फोन केलेत मला, मी पाणी प्यायलो न्हाय." त्यांनी समोरचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि ऋतुजाला त्यांची दया आली. तेच वाईट होतं. ते नुसते दुष्ट असते तर किती सोपं झालं असतं. "आणि तुमचं काय हुईल? तपासणीचं सर्टिफिकेट तुमच्या नावावरचं, ते जाईल. तपासनीसाला आकडा लिहिता येईना म्हटल्यावर कुठला कारखाना दारात उभं करंल? ऋतुजा, मी तुला मुलीसारखं सांगतो. चार नंबर दुरुस्त कर, सिद्धूचं नाव लिही आणि एक नंबर विसर. तुला महिपती व्हायचंय का?"

तिनं डायरी उचलली. "पाणी प्या, सर," एवढंच ती बोलली आणि बाहेर आली.

पुढचा तासभर तिनं काय केलं ते तिला नंतर धड आठवेना. शेडमध्ये गेली, ऑफिसात आली, कुंडीतल्या मनीप्लांटला पाणी घातलं. आईला फोन लावला आणि पलीकडून हॅलो आल्यावर "काही न्हाई, सहज" म्हणून ठेवून दिला. तिला राग येत होता. शिवराज सरांचा, मालकांचा, हॉर्न वाजवणाऱ्या त्या ड्रायव्हरचा, आणि सगळ्यांपेक्षा जास्त स्वतःच्या हाताचा. दुसऱ्याच्या चुका पकडायला तिला तीन वर्षांत कधी जड गेलं नव्हतं. त्यात तर तिला मजाच यायची, खोटं कशाला बोला. मोठमोठे वेल्डर तिच्या पांढऱ्या पावडरीपुढं मान खाली घालून उभे राहायचे. आज पावडर तिच्यावरच फवारली होती.

तिला ती भिंत दिसत होती. तिनं ती कधी बघितलेली नव्हती, तरी दिसत होती. परवा काँक्रीट चढत जाईल, एक नंबरच्या लगांपर्यंत येईल, त्यांच्यावरून जाईल आणि गुळगुळीत होईल. मग उभ्या जन्मात कुणी विचारणार नाही. फक्त तिला माहीत असेल. आणि सिद्धू फाटकाबाहेर जाताना आपला वेल्डिंगचा चष्मा पिशवीत घालेल, आणि "नाही" म्हणून सांगितलेलं आठवून तिच्याकडे एकदा बघेल.

तीन वाजता ती टेबलाशी बसली आणि तिनं त्रुटी अहवालाचा कोरा फॉर्म पुढं ओढला. काम नियमाबाहेर गेलं की भरायचा तो कागद, आजवर तिनं दुसऱ्यांच्या नावानं भरलेला. प्लेटांचे नंबर लिहिले, लॉट लिहिले. "कारण" या रकान्याशी आल्यावर तिचं इंग्रजी संपलं. दोन भाषांमधली ही चूक एका भाषेत सांगताच येईना. शेवटी तिनं आकडे चितारूनच दाखवले. मराठी ४, त्याच्या शेजारी इंग्रजी 8. मराठी १, त्याच्या शेजारी इंग्रजी 9. खाली लिहिलं: तपासनीसाने फळ्यावर मराठी आकडे लिहिले. वेल्डरची चूक नाही. तिसऱ्या लॉटातील प्लेट एक काँक्रीटपूर्वी तपासावी. मग सही, तारीख, वेळ.

कागदाचा फोटो काढून तिनं साइटच्या तपासणी विभागाच्या पत्त्यावर पाठवला, आणि तोच कागद शिवराज सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"गेलं हे?"

"गेलं."

ते खिडकीशी गेले आणि फाटकाकडे हात हलवून त्यांनी ट्रेलर परत पाठवला. ड्रायव्हरनं जाता जाता एक हॉर्न दिला, तो मात्र चांगला लांबलचक होता.

शुक्रवारी सकाळी तिच्या टेबलावर पत्र होतं. चौकशी होईपर्यंत तपासणीचं काम काढून घेण्यात येत आहे, तोवर स्टोअर. खाली शिवराज सरांची सही होती. सिद्धूचा पास कुणी काढून घेतला नाही. ज्या कागदात चूक कुणाची ते लिहिलेलं होतं, तो आता साइटवर पोचला होता आणि त्यात खाडाखोड करणं कुणाच्याच हातात नव्हतं.

महिपतीनं तिच्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं. "बसा," म्हणाला, आणि हातमोज्यांची गोणी दोघांच्या मधे ओढली. डावा, उजवा, रबर. डावा, उजवा, रबर. साइटवरून उत्तर आलं नव्हतं. तिनं दुपारी फोन लावला, कुणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला, पुन्हा नाही. आपला कागद कुणी बघितलाच नसेल तर? एखाद्या शिवराज सरांनी तिकडंही दार लावून घेतलं असेल तर? तिनं लावलेल्या जोड्यांत दोन्ही डावे निघायला लागले. महिपती त्या सोडवून पुन्हा लावत होता.

शनिवारी भिंत भरायची वेळ सकाळी सहाची होती. सहा वाजता ती जुळे सोलापुरातल्या खोलीत ओट्याशी उभी होती आणि चहा उतू जाताना बघत होती. आठ वाजता कारखान्यात. नऊ. दहा. आता भरलीच असेल, असं तिनं मनाशी दहादा म्हटलं. अकरा चाळीसला फोन वाजला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता आणि दमलेला होता. रात्री उशिरा त्यानं मेल बघितला. पहाटे पंप लावून झाला होता तो थांबवला. वरच्यांनी आरडाओरडा केला, आम्हीही शिव्या खाल्ल्या, म्हणाला. बांधलेलं जाळं सोडवून एक नंबर बाहेर काढली, तिसऱ्या लगाला लाल लावलं. "निकला, मॅडम," तो म्हणाला. "तीन नहीं, सवा तीन." मग जरा थांबून म्हणाला, "आपका एक तो सचमुच नौ लगता है." आणि चक्क हसला.

ऋतुजानं फोन ठेवला. ती स्टुलावर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. नोकरीचं काय होणार ते अजून तसंच टांगलेलं होतं, सर्टिफिकेटचंही. तरी दोन दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

"काका, सापडला," ती म्हणाली. "भिंतीत जायच्या आधी काढला."

"किती व्हता?"

"सव्वातीन सेंटिमीटर."

महिपतीच्या हातातला मोजा तसाच राहिला. "माझा पाच व्हता," तो म्हणाला.

"तुम्ही अडवला तो?"

"अडवला कुटं?" त्यानं मोजा मांडीवर ठेवून बोटं एकेक करून सरळ केली. "मी सही केल्ती. गाडी दारात उभी हुती, सगळी डोक्यावर बसलीती, मी केली सही. आठ-धा दिसांनी मीच सरांकडं गेलो न् म्हणलो, मला हितं बसवा. हातात पेन धरवंना."

"पण सगळे म्हणतात, तुम्ही लॉट अडवला म्हणून—"

"म्हणत्यात. त्येंना भ्या घालाया बरं पडतं, आन् मला बी आईकाया बरं वाटायचं. म्हणून मी कंदी न्हाई म्हणलं न्हाई."

खिडकीशी सिद्धू येऊन उभा राहिला आणि त्यानं हातमोजे मागितले. महिपती उठला नाही. ऋतुजानं डोळे पुसले, एक जोडी काढली, डावा-उजवा बघितला आणि सिद्धूच्या हातात दिली.

तो गेल्यावर महिपती गोणीत हात घालत म्हणाला, "तुमची प्लेट निघाली भाईर, पोरी. माझी अजून आतच हाय."